कव्हर वाहून गेले, तबकडी राहिली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा कुंभार गल्लीजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घरात तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जण त्याच्याकडे गाळ काढायला गेलो. गाद्या, धान्याचे डबे, मुलांची वह्या-पुस्तके असे एकेक बाहेर येऊन रस्त्याच्या कडेच्या ढिगात पडत होते. त्या ढिगाच्या टोकाला एक पत्र्याची ट्रंक पालथी केलेली होती आणि तिच्यातून निघालेला ध्वनिमुद्रिकांचा गठ्ठा चिखलात पडला होता. त्या मित्राच्या वडिलांच्या वेळच्या. पुठ्ठ्याची कव्हरे भिजून एकमेकांना चिकटली होती आणि हात लावताच लगद्यासारखी सुटून येत होती. "जाऊ दे रे, आता काय राहिलंय त्यात. भंगारवाल्याला देऊन टाक," असे मित्र म्हणाला. मी तो गठ्ठा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घालून घरी आणला. मोजल्या तर चौदा भरल्या. अकरा लाँगप्ले आणि मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या तीन छोट्या तबकड्या.

माझे शिवाजी उद्यमनगरात एक लहानसे टर्निंग शॉप आहे. दिवसभर लेथवर बुश, पिना आणि आटे पाडण्याचे काम चालते. संगीताचे शिक्षण म्हणाल तर मुळीच नाही; परंतु घरात एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर होता आणि त्यावर लागेल ते ऐकण्याची सवय लहानपणीच लागली. गेली दहा-बारा वर्षे मी विस्मरणात गेलेले फंक, म्हणजे ठेक्यावर उभे असलेले, आणि सायकेडेलिक, म्हणजे ध्वनी वाकवून भान सैल करणारे, असे संगीत शोधतो, ऐकतो आणि जमेल तसे इतरांपर्यंत पोहोचवतो. त्या चौदा तबकड्यांनी मात्र या छंदाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. ती कशी बदलली, हे सांगण्यासाठी आज लिहितो आहे.

व्हायनिल पुराच्या पाण्याला भीत नाही. गाळ खोबणीत बसतो. पण तो वाळण्याआधी धुतला तर निघतो. मी लेथवर दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या काढल्या, त्यांना आतून रबराचे वॉशर बसवले आणि मधल्या भोकातून बोल्ट घालून त्या तबकडीच्या दोन्ही बाजूंनी आवळल्या, म्हणजे मधल्या लेबलाला पाणी लागत नाही. मग नळाची बारीक धार, मऊ ब्रश आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. वाळवायला आईने स्वयंपाकघरातले ताटाळे दिले. अकरा थाळ्यांच्या जागी अकरा लाँगप्ले उभ्या राहिलेल्या पाहून ती म्हणाली, "आता जेवायचं कशात, ते पण सांग." कोणाकडे पुरात किंवा गळक्या माळ्यावर भिजलेल्या रेकॉर्ड असतील, तर त्यांनी एवढे एकच ध्यानात ठेवावे की जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि त्यांना स्पिरिट लावले तर लाख विरघळते. तेथे साधे पाणीच बरे, आणि तेही बेताने.

पाण्याने खोबणी सोडली, परंतु कव्हरे नेली. वाद्ये कोणी वाजवली, ध्वनिमुद्रण कोणी केले, संगीतरचना कोणाची, हे सारे कव्हराच्या पाठीमागे छापलेले असते. लेबलावर फार तर गाण्याचे शीर्षक आणि मुख्य कलाकाराचे नाव. माझ्या हातात आवाज आला होता आणि तो आवाज काढणारी माणसे गाळात गेली होती.

त्यांपैकी एका लेबलावर आनंद शंकर हे नाव शाबूत होते. उदय शंकर आणि अमला शंकर या नर्तक दांपत्याचा हा सतारवादक मुलगा, पंडित रविशंकरांचा पुतण्या. १९७० मध्ये अमेरिकेतील रिप्राइज कंपनीने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्याने रोलिंग स्टोन्स आणि डोअर्स या रॉक बँडची गाणी सतारीवर घेतली होती. माझ्या हाती आलेली मात्र त्यानंतरची, १९७५ ची, एचएमव्हीने भारतात काढलेली 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' होती. सुई टेकवली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आधी गाळाच्या उरलेल्या कणांची चरचर आणि मग ड्रमचा ठेका, त्याला लगटून चालणारी आपली चर्मवाद्ये, खाली गोल फिरणारी बेस गिटार, वर मूग सिंथेसायझरची लांबलचक वळणे आणि त्या सगळ्यातून वाट काढत जाणारी सतार. ही सतार शोभेसाठी ठेवलेली नव्हती. ती ठेक्याच्या आत शिरून, त्याच्याशी झोंबून वाजत होती. सबंध बाजू संपेपर्यंत मी खुर्चीवर टेकलो नाही.

या ध्वनिमुद्रिकेकडे तिच्या काळात आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ती थिल्लर वाटली असणार आणि चित्रपटगीते ऐकणाऱ्यांना तिच्यात गाणेच सापडले नसणार. वीसेक वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या मध्याला, लंडनच्या डीजेंनी जुन्या तबकड्यांच्या दुकानांतून तिला उचलले. ब्लू नोट या जॅझच्या नामांकित कंपनीने तिच्यातील संगीत आपल्या संकलनात घेतले आणि नाचघरांतून ते वाजू लागले. आनंद शंकर १९९९ मध्ये गेले. स्टेट ऑफ बेंगॉल हे नाव घेतलेल्या लंडनच्या डीजेसोबत केलेली त्यांची ध्वनिमुद्रिका त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. म्हणजे दाद मिळाली खरी, पण ती त्यांच्या पदरात अगदी शेवटच्या तीन-चार वर्षांत पडली.

फंक म्हणजे काय, असे मला उद्यमनगरात पुष्कळदा विचारले जाते आणि मी दरवेळी हलगीचा दाखला देतो. खासबागेत कुस्तीच्या वेळी हलगी, घुमकं आणि कैताळ (मोठी झांज) यांचा मेळ जमतो, तेव्हा हलगीवाला मधल्या मात्रांत कितीही नक्षी करो, घुमक्याचा ठोका समेवर जोराने पडला की बघ्याचे अंग आपोआप हलते. १९६० च्या दशकात अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांनी आपल्या वाद्यवृंदाकडून नेमके हेच मागितले. त्याआधीच्या अमेरिकन लोकप्रिय संगीतात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असे; ब्राउन यांनी पहिल्या मात्रेला, म्हणजे आपल्या समेला, सगळा भार दिला. मग गिटार, ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्ये आणि बेस यांनी एकेक छोटा तुकडा धरायचा आणि तोच पुन्हा पुन्हा, एकमेकांच्या फटींत बसवत वाजवत राहायचे. सूर तेथे ठेक्याचे काम करतो. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, त्याच्या कानावर ते लहानपणापासून असते.

सायकेडेलिक संगीताचे तसे नाही. तेथे ध्वनी लांबवणे, प्रतिध्वनीत बुडवणे, गिटारचा आवाज फाटका करणे, टेप उलटी फिरवणे अशा युक्त्यांनी ऐकणाऱ्याचे काळाचे भान सैल करण्याचा प्रयत्न असतो. एक स्वर सतत लावून ठेवण्याची कल्पना १९६० च्या दशकात त्या वादकांनी आपल्या तानपुऱ्यावरून घेतली, हे त्यांच्यापैकी अनेकांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तानपुरा येथून गेला आणि फझ (आवाज फाटका करणारे यंत्र) लावलेली गिटार होऊन परत आला. तो परत आल्यावर आपल्या मुलांनी काय केले, ते ऐकायचे असेल तर सिमला बीटच्या दोन ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेली ती बँडस्पर्धा होती. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात तिचे सामने होत आणि १९७० व १९७१ या दोन्ही वर्षी निवडक बँडची एकेक लाँगप्ले निघाली. मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेन्टोन्स, बंगळूरचे डायनॉसॉर्स आणि कलकत्त्याचे ग्रेट बेअर हे त्यांत आहेत. महाविद्यालयीन मुले होती ती. त्यांतल्या बहुतेकांचे याखेरीज दुसरे ध्वनिमुद्रण कोठेही सापडत नाही, म्हणजे एखाद्या गिटारवादकाचे सबंध संगीतजीवन तीन-साडेतीन मिनिटांत मावलेले असते. आज या दोन्ही तबकड्यांच्या मूळ प्रतींसाठी परदेशातले संग्राहक मोठी किंमत मोजतात. मला मूळ प्रत अजून मिळालेली नाही. पुनर्मुद्रित प्रतीवरच मी समाधान मानतो.

शोधण्याचा हा मार्ग विचित्र वळणांचा असतो. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. कितीतरी गाजलेल्या गाण्यांत त्यांनी गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवले, पण त्या गाण्यांबरोबर त्यांचे नाव सहसा कोणी घेतले नाही. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे जोडून भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने ती ध्वनिमुद्रिका काढली. ती खपली नाही. पुढे २००२ च्या सुमारास एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत सापडली. त्याने ती ऐकली आणि चकित झाला. टीबी-३०३ नावाच्या ज्या छोट्या यंत्राच्या पिळदार आवाजावर शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास ॲसिड हाउस हा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला, तोच आवाज येथे पाच वर्षे आधी राग वाजवत होता. बाउमनने चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० मध्ये ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये ते गेले. मला या कथेतला जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो तो यंत्राचा किंवा शिकागोचा नाही. संग्राहकाने तबकडी सापडल्यावर तेथेच न थांबता तबकडीतला माणूस शोधला, हा आहे.

रूपा विश्वास यांची हकीकत तर मला पाठ झाली आहे. कोलकात्याच्या या गायिका कॅनडात गेल्या असताना तेथील कॅलगरी शहरात १९८२ मध्ये 'डिस्को जॅझ' ही ध्वनिमुद्रिका झाली. तिच्यात सरोद आशिष खाँ यांनी वाजवला आहे. भारतात ती आली आणि कोणाच्या ध्यानातही न येता विरून गेली. तीस-पस्तीस वर्षांनी तिच्यातले एक बंगाली गाणे कोणीतरी यूट्यूबवर चढवले आणि लक्षावधी लोकांनी ते ऐकले. घरात त्या गाण्याचा विषय निघत नव्हता. मुलाला इंटरनेटवर ते सापडले तेव्हा आईला कळले की जगभर आपला आवाज वाजतो आहे. २०१९ मध्ये, म्हणजे आमच्याकडे पूर आला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या न्यूमेरो ग्रुपने ती रीतसर पुन्हा काढली. गाणे चढवणाऱ्याने नाव नीट लिहिले होते, म्हणून ते घरापर्यंत पोहोचले. 'अज्ञात भारतीय डिस्को' असे लिहून सोडले असते, तर मुलाच्या नजरेला ते पडले असते का?

नाव गळाले की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण कंबोडियाचे आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत नॉम पेन्हमध्ये सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया यांच्यासारखे गायक गिटार, ऑर्गन आणि आपल्या ख्मेर सुरावटी यांचे अतिशय देखणे मिश्रण करत होते. १९७५ मध्ये ख्मेर रूज ही कट्टर साम्यवादी संघटना सत्तेवर आली आणि त्यानंतरच्या चार वर्षांत या दोघांसह असंख्य कलावंत नाहीसे झाले, तबकड्या नष्ट झाल्या. पुढे एका अमेरिकन प्रवाशाने तेथे विकत घेतलेल्या कॅसेटींवरून १९९६ मध्ये 'कंबोडियन रॉक्स' हे संकलन निघाले. त्याच्यावर ना गाण्यांची नावे होती, ना गायकांची. ज्या माणसांना मारून त्यांची नावे पुसली गेली, त्यांचे गाणे जगात पसरले ते निनावीच. पुढे ख्मेर भाषा जाणणाऱ्या ऐकणाऱ्यांनी आवाज ओळखून, शब्द ओळखून, एकेका गाण्याला त्याचे नाव परत मिळवून दिले. हे काम मला मूळ संकलनाइतकेच मोठे वाटते.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना देवल क्लब या येथल्या जुन्या संगीतसंस्थेची आठवण न येणे शक्य नाही. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी येथेच होते आणि या गावाने मैफल ऐकण्याची शिस्त त्यांच्यासारख्यांकडून घेतली. आजही येथल्या कोणत्याही मैफलीत गायक बसण्यापूर्वी तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, हे नावानिशी सांगितले जाते, आणि मध्यंतरात विसरले असेल तर पुन्हा सांगितले जाते. तानपुरा धरणाऱ्या विद्यार्थिनीचेही नाव घेतले जाते. ही रीत चित्रपटाच्या आणि लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रणात मात्र आली नाही. राहुलदेव बर्मन यांच्या ठेक्यांमागे मारुतीराव कीर होते, त्यांच्या गिटारमागे भूपिंदर सिंग होते, हे आपल्याला फार उशिरा आणि मुद्दाम शोधल्यावर कळते. वादकाने यायचे, त्या दिवसाचे पैसे घ्यायचे आणि निघायचे. (ज्याने स्वतःहून नाव झाकले, त्याची गोष्ट वेगळी. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत देणारे 'आनंदघन' म्हणजे लता मंगेशकर, हे 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा जाहीर झाले. तेथे नाव हरवले नव्हते, ठेवून दिले होते.)

अमेरिकेतही चित्र फारसे निराळे नाही. १९६९ मध्ये विन्स्टन्स या बँडच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सहा-सात सेकंदांचा एकट्याचा तुकडा वाजवला. पुढे तो हजारो गाण्यांत कापून वापरला गेला आणि त्यावर नवे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. तो बेघर अवस्थेत मरण पावला.

आता माझ्या चुका. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी मिळेल ते संगणकात उतरवून 'दुर्मिळ फंक' अशा मथळ्याखाली इंटरनेटवर चढवत असे. खरखर काढण्याच्या नादात मी सॉफ्टवेअरमधली गाळणी इतकी घट्ट लावायचो की खरखरीबरोबर झांजेची धारही जायची आणि ड्रम उशीवर वाजवल्यासारखे येत. वेगाकडेही माझे लक्ष नसे. प्लेअरचा पट्टा सैल असेल तर सूर उतरतो आणि ऐकणाऱ्याला तो मूळचाच वाटतो. आता मी थाळीच्या कडेला खडूची खूण करतो आणि घड्याळ लावून मोजतो: ३३⅓ चा वेग बरोबर असेल तर तीन मिनिटांत नेमके शंभर फेरे झाले पाहिजेत. हे मोजताना टर्नरचा आनंदही मिळतो, कारण तबकडीची मूळ प्रत लेथवरच कापली जाते. लाँगप्लेच्या एका बाजूला वीस मिनिटांत साडेसहाशेहून अधिक फेरे बसतात, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे आठ. मी दिवसभर एक आणि दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे पाडतो, त्यामुळे हा पिच किती बारीक आहे ते माझ्या बोटांना कळते. ती एकच सलग खोबणी सरळ केली तर चारशे मीटरहून लांब भरेल.

चढवण्याच्या हक्काचाही विचार मी उशिराच केला. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९७० मध्ये निघालेली तबकडी २०३० संपेपर्यंत कंपनीच्या मालकीची आहे, आणि तिच्यातली रचना व शब्द यांचा हक्क तर संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. तबकडी दुर्मिळ आहे म्हणून ती बेवारस होत नाही. म्हणून हल्ली जी ध्वनिमुद्रिका रीतसर विकत मिळते, ती मी चढवतच नाही, ती कोठे मिळेल ते लिहितो. जी कोठेच मिळत नाही, तिचा छोटा तुकडा आणि सविस्तर नोंद देतो, आणि मालकाने सांगितले तर काढून टाकतो. काहींना हा सोवळेपणा वाटतो. परंतु माझ्याच नोंदीसह ठेवलेला एक तुकडा कोणीतरी उचलून, नोंद कापून, 'अज्ञात कलाकार' म्हणून पैसे घेऊन विकला, तेव्हा मला जे वाटले त्यावरून मूळ वादकाला काय वाटत असेल याची कल्पना आली.

पुरातल्या तीन छोट्या तबकड्यांपैकी एकीने मला सर्वांत अधिक शिकवले. तिचे लेबल अर्धे सुटून गेले आहे; मराठी अक्षरांतले दोन शब्द आणि अर्धा क्रमांक एवढेच उरले आहे. मात्र शेवटच्या खोबणीपाशी, जेथे सुई नुसती फिरत राहते त्या गुळगुळीत पट्टीवर, छपाईच्या साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो व्हायनिलमध्येच असल्यामुळे पाण्याला त्याचे काही करता आले नाही. बॅटरीचा उजेड तिरपा धरून, भिंगातून तो क्रमांक मी वाचला. त्यावरून कंपनी कळली. वादक कळले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या गाण्यात मध्येच वीस-बावीस सेकंदांचा एक तुकडा येतो: गायिका थांबते, ढोलकी आणि बेस एकत्र चालू लागतात आणि वर एक तारवाद्य थरथरत, आवाज उघडत-मिटत, अक्षरशः बोलल्यासारखे वाजते. मी नोंदीत आत्मविश्वासाने लिहिले, 'वा-वा पेडल लावलेली इलेक्ट्रिक गिटार'. ती नोंद दोन वर्षे तशीच होती.

गेल्या गणपतीत मंगळवार पेठेतल्या एका वयस्कर वादकांना मी तो तुकडा ऐकवला. पेठेत सगळे त्यांना नाना म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. आपल्याकडे बेंजो म्हणजे ते टाइपरायटरसारख्या कळांचे, आडवे ठेवून वाजवायचे तारवाद्य, बुलबुलतरंग. नानांनी माझा हेडफोन नाकारला आणि फोन कानाला लावला. एकदा ऐकले. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "गिटार कुठली ओ ही? ह्यो बेंजो हाय."

मी म्हटले, "नाना, पण तो आवाज उघडतोय-मिटतोय तो?"

"पिकअप लावलाय त्याला. आनि आवाजाचं बटन डाव्या हातानं फिरवतोय त्यो. कळा एकाच हातानं. आमी पण करायचो की, मिरवनुकीत." आणि मग त्यांनी समोरच्या लाकडी पेटीवर उजव्या हाताने कळा दाबत, डाव्या हाताने न दिसणारे बटण फिरवत मला ते करून दाखवले. पुन्हा ऐकल्यावर मलाही ते ऐकू आले: प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला कळ तारेवर आपटल्याचा बारीक 'टक' असा आवाज आहे. तो गिटारीत येणे शक्य नाही. दोन वर्षे तो माझ्या कानावर पडत होता आणि मी त्याला तबकडीवरचा ओरखडा समजत होतो. खरखर काढताना त्यातले काही 'टक' मी पुसूनही टाकले होते.

त्या रात्री मी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा उघडले आणि गाळणी न लावता तो तुकडा नव्याने उतरवला. नोंदीतली गिटार खोडली. तेथे लिहिले: 'बेंजो, पिकअपसह, वादकाचे नाव मिळालेले नाही.' कोणीतरी परदेशी संग्राहक हा तुकडा ऐकेल तेव्हा त्याच्या मनात पहिली तुलना अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एखाद्या फंक गिटारवादकाशी होईल. ती चुकीची ठरावी आणि त्याने बेंजो पार्टी म्हणजे काय ते शोधावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या मिरवणुकांत, लग्नांच्या वरातींत, ट्रॉलीवर कर्णे बांधून वाजणाऱ्या त्या वाद्यवृंदांनी ध्वनी वाकवण्याच्या किती युक्त्या स्वतःच्या बळावर काढल्या, याची नोंद कोणी केलेली नाही. ते वादक आता सत्तरीच्या पुढे आहेत.

नानांना वादकाचे नाव माहीत नाही, पण वाजवण्याच्या ढंगावरून तो मुंबईचा, गिरणगावातल्या एखाद्या पार्टीतला असावा, असे त्यांचे मत आहे. "आमच्याकडं कळ येवढी हलकी न्हाई दाबत," असे ते म्हणाले. त्यांच्या ओळखीचे एक वादक इचलकरंजीला असतात, ते ऐंशीच्या घरात आहेत आणि तरुणपणी लालबागेत राहून वाजवत होते. येत्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. फोनच्या आवाजावर मी या वेळी विसंबणार नाही. छोटा प्लेअर, स्पीकर आणि ती तबकडी बरोबर नेणार आहे. प्लेअरच्या फिरकीचा बुश झिजला होता, तो काल गनमेटलचा नवा करून बसवला आणि शंभर फेरे मोजून पाहिले.

तोवर वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी या भागांत कोणाच्या माळ्यावर १९६५ ते १९८५ या काळातल्या मराठी छोट्या तबकड्या असतील, तर त्या मला नकोत. त्या तुमच्याच घरी राहू द्या. मला त्यांच्या कव्हराच्या पाठीमागच्या बाजूचा, सगळी बारीक अक्षरे वाचता येतील असा, उजेडात काढलेला फोटो हवा आहे. पुढच्या बाजूला नटीचे चित्र असते, ते नसले तरी चालेल.